कोऱ्या रकान्यात ११४६

तंजावर, करंथै
रविवार, दुपार

प्रिय श्रीकरअण्णा,

अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तू देवनागरी बोट ठेवून, ओठ हलवत वाचतोस, आणि माझं अक्षर हे असं, सातवीत शाळा सुटलेल्याचं. एका बैठकीत वाचून होणार नाही. पापनाशमला मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली की तिथंच वाच, घरी नको. पहिल्यांदा तरी घरी नको.

तुझा फोनवरचा निरोप मिळाला. चार वेळा ऐकला. मागून तुझी आई वेंकूबाई 'त्याला सांग, वेष्टी नेसून ये म्हणावं, पँटीत नको' असं म्हणत होती, तेही ऐकलं. तू जे मागितलंस त्याचं उत्तर शेवटी आहे. आधी लिहिलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मला मधलंच सांगायचंय. फोनवर सांगणार होतो. पण तू 'सरि, सरि, पुरे' म्हणून माझं तोंड बंद करणार आणि मी ते खुशीनं बंद करून घेणार. शिवाय तुझ्या घरात हे अक्षर फक्त तुला येतं. कोणाला कळू द्यायचं ते तुझ्या हातात राहील.

विषय चिदंबरचा आहे. थांब, पत्र फाडू नकोस. विनुतावहिनीच्या सख्ख्या भावाला तू सव्वा वर्ष उंबरा चढू दिला नाहीस, कारण तुझं नाव साहेबाच्या कानात त्यानंच घातलं असं तू धरून चाललायस. त्यानं घातलं नाही. कोणी घातलं ते मला माहीत आहे.

तुला आठवतं का, मी वल्लम रस्त्यावरच्या आपल्या गोदामात पहिल्यांदा आलो तो दिवस? सोलापुरात चादरीच्या मागावर चार महिने, हैदराबादला बिस्किटाच्या कारखान्यात पाच, होसूरला तर दीडच. एका जागी माझं बूड टिकत नाही, आई म्हणायची तुझ्या पायाला भोवरा आहे. इथं कोणाची भाषा कळत नव्हती. बिहारी पोरं आपल्यात, ओडिशाचे आपल्यात, तमिळ लोक आपल्यात. मी माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या कडेला खोक्यावर बसून दुसऱ्या दिवशी पळायचं नक्की करत होतो. तेवढ्यात तू येऊन विचारलंस, 'जेविलास का रे?' मला वाटलं भास झाला. असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं, शब्द आमच्या पणजीचे आणि सूर सगळा इथला, वाक्याचं शेपूट वर उचललेलं. तू म्हणालास, 'आम्ही इथं साडेतीनशे वर्षं आहोत, तू काल आलास. म्हणजे परका कोण?' आणि डब्यातला दहीभात अर्धा मला वाढलास. मी पळालो नाही.

पळालो असतो तर बरं झालं असतं.

तुझं त्या हॉलमध्ये काय वजन होतं ते तुला कधीच कळलं नाही. ओडिशाची ती बाई पट्ट्यापाशी चक्कर येऊन पडली तेव्हा सगळे बघत उभे होते. तू तांबडं बटण दाबून पट्टा बंद केलास. अकरा मिनिटं तेवीसशे माणसांचं काम थांबलं. मॅनेजर सतीशकुमार धावत आला, 'कोणाला विचारून?' तू म्हणालास, 'विचारायला ती शुद्धीवर नव्हती, सर.' हॉल हसला. सतीशकुमारही हसला, पण त्यानं ते लक्षात ठेवलं असणार. त्या दिवसापासून लोकांनी तुझ्याकडे यायला सुरुवात केली. रजा, कार्ड, कोणाची आई आजारी, कोणाचं भांडण. तू काही फार करायचा नाहीस, ऐकून घ्यायचास आणि सोबत ऑफिसपर्यंत चालत जायचास. आमच्यासारख्यांना तेवढंच हवं असतं.

मग लावण्या मॅडम आल्या, बेंगळुरूहून. तू त्यांना दोन-तीनदा पाहिलंस, मी त्यांच्याबरोबर तीन आठवडे होतो, कारण हॉलमधल्या हिंदीवाल्यांना प्रश्न वाचून दाखवायला माणूस हवा होता. त्या म्हणाल्या, कंपनीला इथलं हवामान समजून घ्यायचंय. मी म्हटलं, मॅडम, त्यात काय समजायचं, पत्रा तापतो आणि तीन पंखे बंद आहेत. त्या हसल्या आणि ते वहीत लिहून घेतलं. बाई चांगली होती, हे सांगून ठेवतो. त्या म्हणाल्या, मनाचं हवामान. एवढी माणसं एका छपराखाली, कोण खूश, कोण कुढतोय, कोणाचं बघून कोण बिघडतो. ते सगळं कॉम्प्युटरात घालायचं आणि तिथं पळवून बघायचं. ओव्हरटाइम सक्तीचा केला तर काय होईल, शिफ्ट बदलली तर काय होईल. खऱ्या माणसांना हात लावायच्या आधी खोट्या माणसांवर करून बघायचं.

मला दाखवलंसुद्धा. काळ्या पडद्यावर तेवीसशे ठिपके. समाधानी माणूस हिरवा, कुरकुरणारा पिवळा, काम सोडणारा नाहीतर संप करणारा लाल. प्रत्येक ठिपका शेजारच्यांकडे बघतो आणि तसा रंग पालटतो. ज्याचं ज्याच्याशी बोलणं, त्यांच्यात रेघ. बटण दाबलं की तीन महिने एका मिनिटात पळतात. मी विचारलं, यात मी कुठला? त्या म्हणाल्या, 'इथं कोणीच कोणी नाही, साईराम. नावं नाहीत. आणि हे होणार असंही नाही. असं झालं तर काय, एवढंच आहे.' मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. आमच्याकडे कागद भरून घेतले की पुढं कोणीतरी निवडून येतं, मला एवढंच ठाऊक.

तिथंच घोटाळा झाला. तमिळ लोकांनी आपापल्या हातानं टॅबवर भरलं. हिंदीवाल्यांसाठी कागद होते, तीनशे बारा. अठरा प्रश्न, नाव लिहायचं नाही, कोणाचं सांगायचं असेल तर टोकन नंबर. चौदावा प्रश्न होता, अडचण आली तर आधी कोणाकडे जाता? मी वाचायचो, ते मला तोंडानं सांगायचे आणि मग आपापल्या हातानं खूण नाहीतर नंबर लिहायचे. एकाहत्तर जणांनी तुझं नाव घेतलं, ते मोजलंय मी. काहींनी दुसऱ्या कोणाचं घेतलं, बाकीचे म्हणाले, कोणाकडे नाही. एक म्हणाला हनुमानजीकडे. एकानं सांगितलं, बायकोला फोन करतो, ती शिव्या घालते, मग बरं वाटतं. त्याला काय नंबर लिहायचा? रकाना कोरा राहिला. असे कितीतरी कोरे राहिले.

आणि त्याच आठवड्यात सूचनाफलकावर लागलं होतं की हॉलसाठी नवा फ्लोअर लीड, म्हणजे मुकादम, कामगारांतूनच निवडणार. मी दोन्ही जोडलं. मला वाटलं हे मतदान आहे. आमच्या गावात ग्रामपंचायतीला म्हाताऱ्या माणसांचं बोट धरून बटण दाबणारे असतात, त्यात कोणाला पाप वाटत नाही, उलट कामाचा माणूस म्हणतात. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसलो आणि कोऱ्या रकान्यांत तुझा नंबर लिहीत गेलो. ११४६. ११४६. एकशे सत्तावन्न वेळा. हात दुखला आणि आनंद झाला, अण्णा. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नाही असं वाटत होतं. तुला सांगणार नव्हतो, तू लीड झालास की सांगायचं ठरवलं होतं.

मोठ्या साहेबांसमोर पडदा लावला तेव्हा वायरी धरायला मी आत होतो. ठिपके दिसले आणि हॉलच्या कोपऱ्यात एका ठिपक्यातून एवढ्या रेघा निघालेल्या की कोळ्याचं जाळं. लावण्या मॅडम स्वतः चकित झाल्या. त्यांनी पोंगलचा सक्तीचा ओव्हरटाइम टाकून बटण दाबलं. पहिल्या पंधरवड्यात थोडे पिवळे. मग तो कोपरा लाल झाला, आणि लाल त्या रेघांवरून असा धावला की मिनिट संपायच्या आत अर्धा हॉल पेटला. सतीशकुमारनं विचारलं, 'हा मधला कोण?' मॅडम म्हणाल्या, ते सांगता येत नाही, सर, यात माणूस बघायचा नसतो, रचना बघायची. ओव्हरटाइम सक्तीचा करू नका, एवढंच हे सांगतंय. सतीशकुमार म्हणाला, बरं, याला काढून पळवा. मॅडमनी नाराजीनं पळवलं. कोपरा पिवळा झाला आणि तसाच राहिला. कोणीतरी 'गुड' म्हटलं आणि बिस्किटाची बशी पुढं सरकवली.

चहाच्या वेळी सतीशकुमार माझ्यापाशी आला. पहिल्यांदाच खांद्यावर हात ठेवला. 'तू तर सगळ्यांना ओळखतोस. त्या कोपऱ्यात एवढा लाडका माणूस कोण रे?' मी छाती काढून सांगितलं, 'आमचा श्रीकरअण्णा, सर. अकराशे सेहेचाळीस.'

झालं ते एवढंच. कोणी मारून विचारलं नाही, लालूच दाखवली नाही. मी अभिमानानं सांगितलं.

आठ दिवसांत तुझ्या बदलीचा कागद निघाला, आसामातल्या गोदामात. घरी म्हातारी आई, दीड वर्षाची लेक अखिला. तू जाणार नाहीस हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर आसाम. नोकरी सोडताना तू सतीशकुमारला कारण विचारलंस आणि तो म्हणाला, 'तुमच्यातल्याच माणसानं सांगितलं म्हणून.' ते मात्र खरं बोलला. आणि कागद टाइप करणारा कारकून होता चिदंबर. तू दोन आणि दोन चार केलेस. मी कोणाच्या हिशोबातच नव्हतो.

तो रविवार आठवतो? चिदंबर केळ्याचा घड घेऊन दारात उभा होता. मी आत पाटावर, पानावर. वहिनी सांबार वाढत होती. तू उठलास आणि म्हणालास, 'ज्या हातानं टाइप केलंस त्या हातानं माझ्या लेकराला केळं देऊ नकोस.' तो म्हणाला, 'श्रीकरा, ऐकून तरी घे.' तू म्हणालास, 'पोदुम. पुरे.' मग त्यानं तुझ्या खांद्यावरून आत पाहिलं. माझ्याकडे. मी घास गिळला, आणि दुसरा घेतला. वहिनीच्या हातातली पळी तशीच वर राहिली होती, मी पान पुढं केलं. माझ्या आयुष्यात मी खूप ठिकाणांहून पळालोय, पण तिथं बसून राहिलो ते सगळ्यात मोठं पळणं होतं.

कारण त्याच्या आदल्या दिवशी चिदंबर मला भेटला होता. प्रश्नांचे भरलेले कागद शेवटी त्याच्या कपाटात ठेवायला गेले होते. जुन्या बस स्टँडजवळच्या चहाच्या गाडीवर त्यानं मला गाठलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, 'अक्षर एकच आहे, साईराम. चारच्या आकड्याचं तोंड सगळीकडे उघडं. दीडशे माणसं एका हातानं लिहितात काय?' मी रडलो, सगळं सांगितलं. त्यानं दोघांच्या चहाचे पैसे दिले. मग म्हणाला, 'मी सांगितलं तर त्याला वाटेल, स्वतः सुटायला परक्या मुलाच्या गळ्यात घालतोय. तो ऐकणार नाही. तूच सांग. त्यानं तुला धाकटा भाऊ मानलंय, तुझ्या तोंडून जाऊ दे.' मी म्हटलं, उद्याच सांगतो. तो 'उद्या' म्हणजे तो रविवार. केळी घेऊन तो आला ते मी सांगून मोकळा झालो असेन असं समजून.

त्यानं बहिणीलाही सांगितलं नाही. विचार कर. त्यांच्या आईच्या श्राद्धाला विनुतावहिनी गेली नाही, तू जाऊ दिलं नाहीस, आणि तो एक शब्द बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही. रोज सकाळी मी कार्ड लावतो तेव्हा काचेआडून नुसता बघतो. मला वाटायचं, एकदा तरी शिवी दे.

आणि मी? तुला मिळायची ती लीडची जागा मला मिळाली. तुला माहीत आहेच, तू पापनाशमहून सायकलवर, मग बसनं, अशोका हलव्याचं पाकीट घेऊन आला होतास. 'आपल्याच माणसाला मिळालं, आनंद आहे' म्हणालास. तो हलवा मी खाल्ला. गोड लागला, हेही लिहितो, लपवायचं नाही असं ठरवलंय. एका जागी दीड वर्ष टिकलो ते असं.

आता हॉलचं ऐक. पोंगलला ओव्हरटाइम सक्तीचा झालाच. संप झाला नाही, पडदा बरोबर ठरला. पण माणसं गळायला लागली. कोणी भांडत नाही, कोणी मागत नाही. एक दिवस हातमोजे पट्ट्यावर ठेवून जातात ते परत येत नाहीत. ती ओडिशाची बाई गेली. बायकोला फोन करणारा गेला. लाल होता, पिवळा होता, पण गप्प बसलेल्या माणसाचा रंग त्या पडद्यात कोणी घातलाच नव्हता. मॅडमनी मागं एकदा फोन करून मला विचारलं, तो मधला माणूस अजून आहे ना? मी 'आहे' म्हणालो. बघ, तिथंही खोटं.

गेल्या महिन्यात कंपनीनं पुन्हा तेच केलं, आता मॅडमशिवाय, आपलं आपण. कागद परत माझ्या हातात. चौदावा प्रश्न तोच. दोनशे चाळीस कागदांत दोनशे अकरा कोरे. मी एकाही रकान्याला हात लावला नाही. लोक माझ्यासमोर, त्यांच्या लीडसमोर म्हणाले, कोणाकडे जात नाही. पडद्यावर सगळे सुटे सुटे, मधे रेघ नाही. सतीशकुमार खूश झाला. म्हणाला, हवामान शांत आहे.

तुझ्यावरही राग आहे माझा, तोही लिहितो. अकरा वर्षं तू त्या जागेवर राहिलास आणि एकदाही संशय घ्यायला शिकला नाहीस. आणि शिकलास तेव्हा घेतलास तो घरच्या माणसावर. मी समोर बसून जेवत होतो. माझ्या पानाकडे एकदा बघितलं असतंस तर कळलं असतं. कोणी एवढं जेवत नाही, जेवणारा चोर असल्याशिवाय. हा राग बरोबर नाही, माहीत आहे. पण दुसऱ्या कोणावर काढू?

आता उत्तर. तू निरोपात म्हणालास, पुढच्या शुक्रवारी तिरुवैयारुला अखिलाचे कान टोचायचेत, मामाच्या मांडीवर बसवून टोचतात, तिचा मामा आम्हाला मेला, तर मामा म्हणून तू बस. कुडी मामानं आणायची असते तीही तू आण. अण्णा, मी येणार नाही. ती मांडी माझी नाही. ज्याची आहे त्याला तू दारातून परत पाठवलंस आणि मी घास घेतला. हे पत्र आता घरी घेऊन जा आणि मोठ्यानं वाच. वहिनीला अक्षर येत नाही, पण मराठी कळतं. तुझ्या आईला कळतं. कुठं गाळू नकोस, बोट ठेवून वाचतोस तसंच वाच. मग चिदंबरला फोन लाव. कुडी मी आणली होती, तांबड्या खड्याची, एवढीशी. काल संध्याकाळी ती त्याच्या हातात दिली. त्यानं डबी उघडून पाहिली, मिटली, आणि सव्वा वर्षानं माझ्याशी पहिल्यांदा बोलला. विचारलं, 'सांगितलंस?' मी म्हटलं, पत्र टाकलं. तेव्हा टाकलं काय, लिहिलंही नव्हतं. म्हणून आज बसून लिहिलं, आणि आता उठून टाकतोच.

तुझाच (हा शब्द ठेवायचा की खोडायचा ते तू बघ)
साईराम